आठवा खडा

‘कुंदे, आज तुझ्या तोंडाला कुलूप,’ माजघराच्या उंबऱ्याशी बसल्या बसल्या गोदूआत्या म्हणाली. ‘पऱ्यावर खडे वेचले की घरी येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. बोललीस तर सगळे खडे परत पाण्यात आणि पहिल्यापासून सुरुवात. ठाऊक आहे ना?’

‘ठाऊक आहे गो आत्या. दर वर्षी सांगतेस.’

‘दर वर्षी सांगावं लागतं म्हणून सांगत्ये.’

चुलीपुढे आई हसली. मृणालवहिनी हसली नाही. ती चिंच घेऊन ताम्हण घासत होती. ताम्हण केव्हाच लखलखीत झालं होतं, तरी घासतच होती.

आमच्याकडे गौरी मुखवट्यांच्या नसतात, खड्यांच्या असतात. भाद्रपदात गणपती बसले की दोन-तीन दिवसांनी घरातली एक सवाष्ण ताम्हण घेऊन पाण्यावर जाते. आमचं पाणी म्हणजे घरामागच्या उताराखालून वाहणारा ओढा, त्याला आम्ही पऱ्या म्हणतो. तिथे सात खडे वेचायचे, धुवायचे, हळदकुंकू वाहायचं आणि मुक्याने घरी आणायचे. बरोबर एक जण घंटी वाजवत चालते. शेजारी आमच्या चुलत काकांकडे पाचच खडे आणत, आमच्याकडे सात. कूळ एक, देव एक, पण आमचे दोन जास्त, यावरून लहानपणी मी चुलत बहिणींपुढे पुष्कळ मिरवून घेतलं होतं.

घंटीचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. एवढी चढण मी न बोलता चढेन यावर आमच्या घरात आईनेसुद्धा पैज लावली नसती. त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते, देवरुखला एका शाळेत नुकती शिकवायला लागले होते. वर्गात मुलांना ‘गप्प बसा’ म्हणायची आणि मुलं माझ्याकडे बघून हसायची.

गोदूआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. कुळाचार, सोवळंओवळं, कुठल्या दिवशी कुठली भाजी, सगळं तिच्या जिभेवर. त्यातलं अर्धंअधिक तिला स्वतःला करता यायचं नाही. विधवेने गौरीला हात लावायचा नाही, हा नियमही तीच सगळ्यांना ऐकवायची आणि गौरीचे तीन दिवस देवाच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. माजघराच्या उंबऱ्यावर बसून सगळा सण चालवायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

आणि मृणालवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रीदादाची बायको. कोल्हापूरची. आषाढात तिला मुलगी झाली, माहेरी. आम्ही सगळे बाराव्या दिवशी बारशाला जाणार होतो. दादा पुढे गेला होता. मी त्या बाळाची एकुलती एक आत्या, तेव्हा कानात नाव सांगण्याचा मान माझा. नाव मी ठरवलंही होतं आणि आश्चर्य म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं, बारशाआधी सांगायचं नसतं म्हणून. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तार आली. मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं.

घरात मोठं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, तळण नाही. लोक समजून घेतात. पण नावही न ठेवलेल्या मुलासाठी सण थांबवायची रीत नाही. गुरुजींनी पंचांग बघून सुतकाचे तीन दिवस सांगितले. ते कधीच फिटले होते. वहिनी श्रावण सरता सरता परत आली आणि आठ दिवसांत दारात गणपती.

तिला हसवायचा मी विडाच उचलला होता. गणपतीच्या दिवशी मोदकांना कळ्या पाडता पाडता मी तिला आमच्या हेडमास्तरांची नक्कल करून दाखवत होते. ते तपकीर ओढून प्रार्थना कशी म्हणतात ते. आई डोळे पुसून पुसून हसत होती. वहिनीही हसली. मग तिने हातातली पारी खाली ठेवली.

‘कुंदा, एक सांगू? रागावणार नाहीस?’

‘सांग की.’

‘मला हसवू नकोस गं. तू हसवतेस, मग मला हसावं लागतं. फार दमायला होतं.’

मी गप्प झाले. म्हणजे माझ्यापुरती गप्प झाले, पाचेक मिनिटं. पण ते मला लागलं. त्यानंतर मी बघायला लागले तर खरंच, दिवसभर ती बिचारी तेच करत होती. गणपतीला येणारी प्रत्येक बाई हळदकुंकू लावून घेताना तिच्या पाठीवरून हात फिरवायची. ‘पुढच्या गौरीला मांडीवर असेल हो, बघ तू.’ वहिनी ‘हो’ म्हणायची, हसायची, प्रसादाची वाटी पुढे करायची. बाई गेली की दोन मिनिटं न्हाणीघरात जाऊन यायची. मग पुढची बाई.

गौर यायच्या दिवशी सकाळी मी पिना मागायला तिच्या खोलीत गेले, तर पलंगावर तिची निळी बॅग भरलेली.

‘हे काय?’

‘गौरी-गणपती बोळवले की कोल्हापूरला जाणार आहे.’

‘जा की. आठ दिवस राहून ये.’

‘आठ दिवसांचं नाही, कुंदा.’ ती बॅगेचा पट्टा ओढत म्हणाली. ‘परत कधी येईन माहीत नाही. येईन की नाही तेही माहीत नाही.’

‘दादाला माहितीये?’

‘सांगितलंय. म्हणाले, तुला बरं वाटेल तसं कर. तू मात्र आईंना एवढ्यात सांगू नकोस. सण होऊ दे त्यांचा.’

‘आमचं काही चुकलं का गं?’

‘कोणाचंच नाही. सगळे चांगले आहात.’ ती पलंगावर टेकली. ‘पण या घरात ती कुठे नाहीच. तुम्ही कोणी तिला पाहिली नाहीत. कोणी तिच्याबद्दल बोलत नाही, मला त्रास होईल म्हणून. आणि बोलणार तरी काय म्हणून? नावच नाही. तिकडे निदान ती खोली आहे, खिडकीतून ऊन यायचं ते तरी आहे. इथे मी कोणाची आई होते, हे मलाच खोटं वाटायला लागलंय.’

मी ठरवलेलं नाव अगदी ओठांवर आलं होतं. एरवी नको तिथे बोलणारी मी, पण त्या वेळी बोलले नाही. आता ते सांगून तिला आणखी कशाला रडवायचं, असं वाटलं. मी पिना घेतल्या आणि बाहेर आले.

चार वाजता आम्ही दोघी निघालो. वहिनीने हिरवं लुगडं नेसून पदर खोचला होता, हातात ताम्हण. माझ्याकडे घंटी आणि हळदकुंकवाची कोयरी. पाऊस नुकताच उघडला होता. जांभ्याच्या पायऱ्या शेवाळल्या होत्या, म्हणून जपून उतरलो. दोन्ही बाजूंना तेरडा फुलला होता, तोच गौरीसाठी उपटून घेतला. खाली उतरताना बोलायला बंदी नव्हती, तरी कोणी बोललं नाही.

वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि खडे वेचायला लागली. एकेक खडा उलटसुलट करून बघायची आणि ताम्हणात ठेवायची. मी काठावरून मोजत होते. सात झाले. मी घंटी उचलली, तर ती अजून वाकलेलीच. बराच वेळ ती पाण्यात हात फिरवत राहिली आणि तिने आणखी एक खडा काढला. बाकीच्यांपेक्षा लहान, पांढरा, सुपारीएवढा. तो तिने पदराने पुसला आणि इतरांच्या शेजारी ठेवला.

मला वाटलं, मोजायला चुकली. परत आल्यापासून तिचं लक्ष कशात नसायचं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, दूध उतू जायचं. आता घरी गेल्यावर आत्या उंबऱ्यावरून खडे मोजणार, आठ निघणार, आणि गौरीला सम संख्या म्हणजे केवढं मोठं अशुभ ते चारचौघींत ऐकवणार. आधीच बॅग भरून बसलेली ही, त्यावर आणखी हे. ती हळदकुंकू वाहून चढायला लागली. मी घंटी वाजवत मागून चालले. जीभ दाताखाली धरून धरून निम्म्या वाटेवरच्या फणसापर्यंत आले आणि तिथे माझा धीर सुटला.

‘वहिनी, अगं आठ झालेत!’

वहिनी थांबली. माझ्याकडे तिने बघितलं. चिडली नव्हती. बोलली तर नाहीच. वळली आणि सगळ्या पायऱ्या उतरून परत पऱ्यावर गेली. मी मुकाट मागून.

पाण्यात उभं राहून तिने खडे सोडले. एकेक करून सात सोडले. आठवा सोडला नाही, तो डाव्या मुठीत धरला. मग नवे सात खडे वेचले, धुतले, ताम्हणात मांडले. आणि मूठ उघडून तो लहान पांढरा खडा त्यांच्या शेजारी ठेवला.

ती मोजायला चुकली नव्हती. चुकले होते मी. घरी येईपर्यंत मी मान खाली घालून नुसती घंटी वाजवत राहिले.

दारात आई दूधपाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. इथे आमच्याकडे तीन प्रश्न असतात. घरातल्या बाईने विचारायचे आणि गौर आणणारीने उत्तरं द्यायची, मग तिचं मौन सुटतं.

‘कोण आलं?’ आईने विचारलं.

‘गौर आली.’ वहिनी म्हणाली.

‘कशाच्या पावलांनी आली?’

‘सोन्याच्या पावलांनी आली.’

तिसरा प्रश्न ‘काय घेऊन आली?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तर ‘धनधान्य आणि लेकरंबाळं’. आईने तो विचारलाच नाही. ती वाकून वहिनीच्या पायांवर दूधपाणी घालायला लागली.

‘सुशीले, तिसरं राहिलं,’ आतून आत्याचा आवाज आला.

‘राहू द्या, वन्सं.’

‘राहू द्या कसं? अगो, गौर दारातच उभी आहे आणि—’

‘जे होतं ते सगळं घेऊन आले,’ वहिनी म्हणाली.

आईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग तिच्या पायांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि तिला आत घेतलं. रांगोळीच्या पावलांवरून स्वयंपाकघर, कोठीची खोली करत आम्ही देवाच्या खोलीत आलो. गणपतीशेजारी पाटावर तांदळाची रास घातली होती. वहिनीने खडे त्यावर मांडले.

आत्या उंबऱ्यावरून मान लांब करून बघत होतीच.

‘आठ?’

तिने बोट नाचवत परत मोजले.

‘मोजायला चुकलीस काय गो मृणाल? आठ नाही चालायचे. गौरीत जोड संख्या नसते. सात आपले. एक काढ त्यातला.’

वहिनी पाटाशी बसली होती ती हलली नाही. तिचा हात त्या लहान खड्यावर होता. मला डोळ्यांसमोर ती निळी बॅग दिसायला लागली. तो खडा उचलावा लागला तर ही उद्याची वाटसुद्धा बघणार नाही, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. आणि मघाशी वाटेत नको तेव्हा बोललेली मी, आता बोलायला हवं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आई वहिनीशेजारी बसली. आठही खड्यांवरून तिने हात फिरवला.

‘कुठला काढू, वन्सं?’

‘कुठला म्हणजे? कुठलाही काढ. सात ठेव म्हणजे झालं.’

‘मी या घरात आले तेव्हा पाच आणायचे.’ आईचा आवाज चढला नव्हता, पण मी तो तसा कधी ऐकलाही नव्हता. ‘तुम्हीच शिकवलंत मला, पाच. मग एका वर्षी मी सात आणले. तुम्ही अशाच तिथे बसला होतात. तुम्ही मोजलेत, आणि सात का ते विचारलं नाहीत. विषम होते म्हणून चालून गेले. आता सांगा, कुठला काढू? माझे दोन आहेत त्यातला काढू, का हिचा एक आहे तो काढू?’

मी जन्मभर त्या सात खड्यांना आमचा कुळाचार समजत आले होते. त्यावरून मिरवलं होतं.

‘आई?’ वहिनी म्हणाली.

‘जुळी होती,’ आई म्हणाली. ‘श्रीधरच्या आधी. एक तिसऱ्या दिवशी गेलं, एक पाचव्या. त्यांचं कुठे काही करता येत नाही ना गं. ना श्राद्ध, ना पान. मग वर्षातून एकदा घरी आणते. तीन दिवस राहतात आणि जातात.’

वहिनीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आई तिच्या पाठीवर थोपटत राहिली, तान्ह्या मुलाला थोपटतात तसं.

आत्या उठली. भिंतीला धरून मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं, रागावली. एवढ्या वर्षांत तिचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता. मी उठून तिच्या मागे जावं की नाही अशी घुटमळत होते, तेवढ्यात ती परत आली. केसांवर पागोळ्यांचं पाणी, हात कोपरापर्यंत ओले. माजघराच्या उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली आणि मग आत आली. देवाच्या खोलीत. गौरीच्या दिवशी तिथे तिचं पाऊल मी पहिल्यांदा बघत होते.

ती पाटाशी वाकली. पाटावर तिने काही ठेवलं नाही. वहिनीचा हात ओढून घेतला आणि तिच्या तळहातावर धुतलेला एक खडा ठेवला.

‘विषम हवेत,’ ती म्हणाली. ‘हा धर. नऊ झाले. ठेव तू.’

वहिनीने तो त्या पांढऱ्या खड्याशेजारी ठेवला. आत्याने उभ्यानेच हात जोडले, परत उंबऱ्यावर जाऊन बसली आणि माझ्यावर ओरडली, ‘कुंदे, बघत काय राहिलीस? नैवेद्याच्या भाकऱ्या कोण थापणार, मी?’

भाकऱ्या थापता थापता मी आईला हळूच विचारलं, ‘आत्याला मूल झालं होतं?’

‘एक झालं होतं, सासरी. संध्याकाळपर्यंत होतं.’ आईने भाकरी उलटली. ‘मग चार महिन्यांत नवरा गेला. त्या एवढ्याशा जिवासाठी रडायला तिला कोणी सवडच दिली नाही. सगळे नवऱ्यासाठीच रडले.’

‘तिने सांगितलं तुला?’

‘तिने कधीच नाही. मी सात आणले त्या वर्षी सासूबाई बोलल्या होत्या. मला वाटायचं ती विसरली असेल.’

संध्याकाळी वहिनी माजघरात आत्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने तिचं रडणं ऐकू आलं, मोठ्याने, हुंदके देऊन. कोल्हापूरहून परत आल्यापासून ती अशी रडली नव्हती. ओटीवरून दादा धावत आला, तर आईने त्याला दारातच अडवलं आणि म्हणाली, ‘जवळ जाऊन बस हवं तर. पण गप्प करू नकोस तिला.’ तो जाऊन बसला. त्या तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी ऐकायला गेले नाही, आणि हे माझ्या बाबतीत मुद्दाम लिहून ठेवण्यासारखं आहे.

या सगळ्याला आता चाळीस वर्षं होतील. आत्या गेली, आई गेली. वहिनीला पुढे मुलगा झाला, त्याची बायको आता ताम्हण घेऊन पऱ्यावर जाते. पहिल्या वर्षी तिने विचारलं, ‘काकांकडे पाच आणि आपल्याकडे नऊ कसे?’ वहिनीने तिला समोर बसवून एकेकाचं सांगितलं, काही न लपवता. पण त्या वर्षीचं विसर्जन इथे सांगायचं माझं राहिलंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गणपतीबरोबर गौरी बोळवल्या. पुरुषमंडळी झांजा वाजवत गणपती घेऊन खालच्या कोंडीकडे, पऱ्याच्या खोल डोहाकडे गेली. आम्ही बायका थोड्या वर, जिथून खडे वेचले होते तिथे थांबलो. आई, वहिनी, घंटी घेऊन मी आणि काठी टेकत टेकत गोदूआत्या. ती विसर्जनाला कधी यायची नाही. त्या दिवशी ‘मीही येत्ये’ म्हणाली आणि चपला घालून निघालीच.

वहिनीने देवीचे पाच सोडले. आईने आपले दोन सोडले, दोन्ही हातांनी, एकाच वेळी. आत्या काठावर बसली आणि तिने खडा मुठीत घेऊन हात पाण्यात बुडवला. मूठ उघडायला तिला बराच वेळ लागला. आम्ही घाई केली नाही.

शेवटी ताम्हणात तो एकच पांढरा खडा राहिला.

‘कुंदा, इकडे ये,’ वहिनी म्हणाली. ‘तुझं एक काम राहिलंय.’

तिने खडा माझ्या हातात दिला.

‘नाव ठरवलं होतंस ना? की नव्हतंस?’

‘ठरवलं होतं.’

‘मग सांग की. आत्याने सांगायचं असतं.’

मी ओंजळ तोंडाशी नेली आणि बारशाला कानात सांगतात तसं हळूच सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तसंच वाहू दिलं.

‘मला ऐकू नाही आलं,’ वहिनी म्हणाली.

‘जुई.’

‘जुई.’ वहिनीने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. ‘छान आहे. छान आहे गं, कुंदा.’

‘जुई,’ आई म्हणाली.

‘बरं आहे,’ काठावरून आत्या म्हणाली. ‘हाक मारायला सोपं.’

मग वहिनीने माझ्या ओंजळीतून तो खडा घेतला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. तो कुठे गेला ते सगळ्या खड्यांत दिसलंही नाही.

रितीप्रमाणे मूठभर वाळू ताम्हणात घेऊन आम्ही चढायला लागलो. ही वाळू घरात सगळ्या खोल्यांतून टाकायची असते. आई आणि आत्या मागून सावकाश येत होत्या. येताना बोलायला बंदी नव्हती. माझ्या जिभेवर एकच प्रश्न होता. खोलीत ती निळी बॅग तशीच होती, सकाळीच बघितली होती. विचारावं, न विचारावं. फणसापाशी आलो, तिथे मी तोंड उघडलं आणि मिटलं.

दोन पायऱ्या वर गेल्यावर वहिनीच थांबली.

‘उद्या जाते मी कोल्हापूरला,’ ती म्हणाली. ‘दिवाळीच्या आधी येईन. जुईची झबली तिकडे पेटीत पडली आहेत. ती घेऊन येते घरी.’

मी काहीही बोलले नाही. हातातली घंटी तेवढी वाजवली.